‘झोपू दे, सकाळी उतरेल’: दारू प्रमाणाबाहेर झालेल्या माणसाजवळ बसणाऱ्यांसाठी

गटारी असो, एकतीस डिसेंबर असो, हळदीची रात्र असो की हॉस्टेलच्या गच्चीवरची पार्टी, रात्री एकच्या सुमाराला एक जण हमखास कोपऱ्यात आडवा झालेला असतो. ‘आऊट झालाय, झोपू दे, सकाळी उतरेल,’ असं कोणीतरी म्हणतं आणि बाकीचे पुन्हा गप्पांत रमतात. बहुतेक वेळा सकाळी उतरतेही, म्हणूनच या वाक्यावर सगळ्यांचा इतका विश्वास बसलाय. पण ज्या रात्री उतरत नाही, त्या रात्रीनंतर पहाटे सहाला कॅज्युअल्टीच्या दारात गाडी थांबते. आतला माणूस दोन-तीन तासांपूर्वीच गेलेला असतो आणि सोबतच्या चार-पाच जणांना ते कळलेलंही नसतं. त्यांनीच त्याच्या डोक्याखाली उशी दिलेली असते, अंगावर पांघरूण घातलेलं असतं. त्यांच्या मायेत काही कमी नसतं. काय बघायचं, हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं, एवढंच.

हा लेख त्या चार-पाच जणांसाठी आहे.

समोर आत्ता कोणी पडलं असेल तर

बाकीचं नंतर वाचा. त्याला मोठ्याने हाक मारा, खांदे धरून हलवा. तो डोळे उघडून उत्तर देत नाही, श्वास मिनिटाला ८ पेक्षा कमी आहे, दोन श्वासांमध्ये १० सेकंदांहून जास्त खंड पडतोय, अंग गार आणि चिकट लागतंय, ओठ किंवा नखं निळसर-करडी दिसताहेत, फिट आली आहे किंवा अर्धवट शुद्धीत उलट्या सुरू आहेत, यातलं काहीही एक दिसलं तर १०८ लावा. त्याला कुशीवर वळवा आणि त्याच्याजवळून हलू नका. सगळी लक्षणं जमायची वाट बघायची नसते. एक पुरे.

किती म्हणजे जास्त?

रक्तातली दारू आपल्याकडे १०० मिलिलिटर रक्तात किती मिलिग्रॅम अल्कोहोल आहे अशी मोजतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार गाडी चालवणाऱ्यासाठी ही मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. नाकाबंदीला पोलीस मशीनमध्ये फुंकायला लावतात ते याचसाठी.

व्हिस्की, रम, व्होडका यांच्या आपल्याकडच्या बाटल्यांवर साधारण ४२.८ टक्के असं छापलेलं असतं. त्या हिशेबाने ३० मिलीच्या पेगमध्ये सुमारे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं आणि १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये सुमारे ६१ ग्रॅम. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलीची एक बाटली ४१ ग्रॅमची, म्हणजे चार पेगांच्या बरोबरीची. ‘मी फक्त बिअरच घेतो’ म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांनी तीन बाटल्यांची बेरीज एकदा स्वतः करून बघावी.

हे अल्कोहोल शरीरातल्या पाण्यात पसरतं. त्यामुळे वजन कमी तितका आकडा जास्त. बायकांच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असतं, म्हणून तेवढ्याच वजनाच्या पुरुषापेक्षा त्यांच्या रक्तातला आकडा वर जातो. स्वीडनचे शास्त्रज्ञ एरिक विडमार्क यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात यासाठी मांडलेलं सूत्र न्यायवैद्यक तज्ज्ञ आजही वापरतात. अल्कोहोलच्या ग्रॅमना वजनाने भागायचं, मग पुरुषासाठी ०.६८ ने किंवा बाईसाठी ०.५५ ने भागायचं आणि येईल त्याला १०० ने गुणायचं. ७० किलोच्या पुरुषाने एक क्वार्टर झटपट संपवली तर रक्तातला आकडा १३० च्या आसपास जातो. ५५ किलोच्या मुलीने तीच क्वार्टर घेतली तर २०० च्या घरात. त्याच पुरुषाने ३७५ मिलीची हाफ रिचवली तर २६५ आणि पैज लावून अख्खा खंबा, म्हणजे ७५० मिलीची बाटली, संपवला तर ५०० च्या वर. हा आकडा जीवघेणा आहे.

यकृत तासाला साधारण १५ ते २० मिलिग्रॅम एवढंच उतरवतं. हा वेग लिंबाने, कॉफीने, आंघोळीने किंवा घाम गाळून वाढत नाही. म्हणजे २६५ वरून गाडी चालवण्याच्या मर्यादेखाली यायला बारा ते सोळा तास लागतात. रात्री अकराला हाफ संपवणारा माणूस सकाळी नऊला ऑफिसला निघतो तेव्हा त्याला स्वतःला कितीही ताजंतवानं वाटलं, तरी कायद्याच्या आणि शरीराच्याही हिशेबाने तो प्यायलेलाच असतो.

ढोबळमानाने ५० ते १०० मध्ये जीभ सैल सुटते आणि अंदाज चुकायला लागतात. १५० च्या पुढे तोल जातो, उलट्या होतात. २०० ते ३०० मध्ये माणूस धड जागा नसतो, धड झोपलेला नसतो, आणि दुसऱ्या दिवशी त्याला यातलं बरंचसं आठवतही नाही. ३०० च्या पुढे शुद्ध हरपते. ४०० च्या आसपास श्वास बंद पडण्याचा धोका खराखुरा असतो. पण हे आकडे दगडावरची रेघ नाहीत. कधीतरी पिणारा कॉलेजचा मुलगा ३०० लाही जाऊ शकतो, तर रोज पिणारा एखादा गृहस्थ ३५० ला तुमच्याशी वाद घालत उभा असतो. तो ‘पचवतो’ असं लोक कौतुकाने म्हणतात. प्रत्यक्षात त्याच्या मेंदूला गुंगीची सवय झालेली असते, त्यामुळे बेताल होण्याआधी मिळणारी सूचना त्याला मिळतच नाही.

ही सवय फार लवकर मोडते, आणि तिथेच मोठा घात होतो. गायिका एमी वाइनहाउस २३ जुलै २०११ रोजी लंडनमधल्या घरी वयाच्या २७ व्या वर्षी गेल्या. त्यांच्या रक्तात १०० मिलीमागे ४१६ मिलिग्रॅम अल्कोहोल होतं. त्याआधी काही काळ त्यांनी पिणं थांबवलं होतं, मग पुन्हा सुरू केलं. त्या सकाळी सुरक्षारक्षकाने खोलीत डोकावलं तेव्हा त्या झोपल्यात असंच त्याला वाटलं. दुपारी पुन्हा बघितलं तेव्हा त्या तशाच पडून होत्या आणि श्वास थांबलेला होता.

आपल्याकडे महिनाभर श्रावण पाळणारे, गणपती उठेपर्यंत थेंबही न घेणारे पुष्कळ लोक आहेत. व्यसनमुक्ती केंद्रातून नुकतेच घरी आलेलेही आहेत. खंड पडल्यानंतरच्या पहिल्या बैठकीत ‘माझा कोटा मला माहीत आहे’ म्हणून जुन्या मापाने पिणं त्यांच्यासाठी सगळ्यात धोक्याचं असतं. माप जुनंच असतं, शरीर मात्र आता नवख्याचं झालेलं असतं.

माणूस नेमका कशाने जातो?

हे समजून घेतलं की पुढच्या सूचना पाठ कराव्या लागत नाहीत.

अल्कोहोल मेंदूला वरून खाली गुंगवत नेतं. आधी विवेक, मग तोल, मग शुद्ध आणि सगळ्यात शेवटी मेंदूच्या बुडाशी असलेलं श्वासाचं केंद्र. हे केंद्र सुस्तावलं की श्वास उथळ होतो, त्यात खंड पडायला लागतात आणि कोणाच्या लक्षात यायच्या आत तो थांबतो. पण बऱ्याच वेळा वेळ तिथपर्यंत येतच नाही, त्याआधी उलटी घात करते. एरवी घशात काही गेलं की आपल्याला ठसका लागतो. खोल गुंगीत हा ठसकाच मेलेला असतो. उताणा पडलेल्या माणसाला उलटी झाली की ती घशात साचते आणि श्वासनलिकेत उतरते. आवाज नाही, धडपड नाही. शेजारच्या गादीवरच्या मित्रालाही पत्ता लागत नाही.

तिसरी गोष्ट रक्तातल्या साखरेची. उपाशी असताना यकृत साखर तयार करून पुरवतं, पण ते दारू जिरवण्यात गुंतलं की ही साखर बनणं मंदावतं. नुसत्या चकण्यावर प्यायलेला माणूस, सडपातळ मुलगी, मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणारे काका यांची साखर पहाटे धोकादायक खाली येऊ शकते. घरात उरलेल्या ग्लासातली दारू चुकून प्यायलेल्या लहान मुलाचीही हीच गत होते आणि ती फार लवकर होते. मूल असेल तर लक्षणांची वाट न बघता लगेच हॉस्पिटल गाठा.

शिवाय दारूने कातडीखालच्या रक्तवाहिन्या फुलतात. माणसाला ऊब आल्यासारखं वाटतं, पण शरीरातली उष्णता भराभर बाहेर जात असते. डिसेंबरात नाशिक-महाबळेश्वरकडे फार्महाउसच्या अंगणात किंवा पहाटे उघड्या गच्चीवर पडून राहिलेल्या माणसाला हे भोवतं.

आणखी एक गोष्ट ‘झोपू दे’ म्हणणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही. शेवटचा ग्लास खाली ठेवला तरी पोटातली दारू रक्तात उतरतच असते. पुढचा अर्धा ते दीड तास, भरपेट जेवण झालं असेल तर त्याहूनही जास्त वेळ, आकडा वर चढू शकतो. म्हणजे साडेबाराला ‘बरा आहे’ म्हणून निजवलेला माणूस दोन वाजता बराच असेल याची खात्री नाही.

पायरी पहिली: तो जागा होतो का?

घोरतोय म्हणजे गाढ झोपलाय, असं समजू नका. जीभ मागे पडून वाट अर्धवट बंद झाली की असाच घरघर आवाज येतो. त्याचं नाव घेऊन मोठ्याने हाक मारा. उत्तर आलं नाही तर मान आणि खांदा यांच्यामधला स्नायू चिमटीत धरून जोरात दाबा. साध्या झोपेतला माणूस हात झटकतो, डोळे उघडतो, चार शिव्या हासडतो. शिव्या आल्या तर फारच छान. नुसता कण्हला आणि परत पडला, किंवा काहीच केलं नाही, तर तो बेशुद्ध आहे असंच धरून चाला.

डोळे उघडले तर त्याला प्रश्न विचारा: आपण कुठे आहोत, आज कोणता वार, मी कोण? असंबद्ध का होईना, पण बोलतोय तोवर वेळ हातात आहे.

पायरी दुसरी: श्वास मोजा

मोबाइलचा टायमर लावा. टी-शर्ट थोडा वर करून पोट आणि छाती उघडी ठेवा, उजेड नीट पाडा आणि पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका. खंड पडणारा श्वास अशा घाईत निसटतो. एका मिनिटात १२ ते २० हे ठीक. ८ पेक्षा कमी, किंवा मध्येच १० सेकंद काहीच नाही आणि मग एक मोठा उसासा, हे दिसलं की मोजणं सोडा आणि फोन उचला.

माशासारखं अधूनमधून तोंड उघडून हवा घेणं हा श्वास नव्हे. तसं दिसलं किंवा श्वास अजिबात नसला तर त्याला कडक जमिनीवर उताणा घ्या आणि छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी दाबायला लागा. ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा, मदत येईपर्यंत. दमलात की दुसऱ्याला बसवा.

पायरी तिसरी: कुशीवर

या अख्ख्या लेखातली एकच गोष्ट करणार असाल, तर ही करा. आज घरच्या घरी भावाला किंवा मैत्रिणीला जमिनीवर झोपवून सरावही करा. मिनिटभराचं काम आहे आणि एकदा हाताला बसलं की विसरत नाही.

तो उताणा आहे, तुम्ही त्याच्या बाजूला गुडघ्यांवर बसलात. खिशातल्या किल्ल्या, मोबाइल, चष्मा काढून ठेवा. तुमच्याकडचा त्याचा हात काटकोनात बाजूला पसरा, कोपरात दुमडून, तळवा वर. पलीकडचा हात छातीवरून ओढून आणा आणि त्याच्या हाताची पाठ तुमच्याकडच्या गालाला टेकवून तशीच धरून ठेवा. दुसऱ्या हाताने त्याचा पलीकडचा गुडघा वर दुमडा. आता तो गुडघा धरून स्वतःकडे ओढा. सगळं अंग आपोआप वळतं. कितीही जाडजूड माणूस असला तरी गुडघ्याच्या जोरावर वळतो. वळल्यावर वरचा पाय काटकोनात ठेवा, म्हणजे तो पालथा पडणार नाही. डोकं हलकेच मागे झुकवा आणि तोंड जमिनीच्या दिशेने थोडं खाली येऊ द्या. उलटी झाली तर ती बाहेर सांडेल.

डोक्याखाली जाड उशी देऊ नका, हनुवटी छातीकडे जाते आणि श्वासाची वाट मुडपते. सोफ्यावर किंवा खुर्चीत बसवूनही ठेवू नका. पाठीमागे बॅग किंवा लोड लावला तर चालेल, पण ‘आता लोड लावलाय’ म्हणून उठून जाऊ नका. बेशुद्ध माणूस घसरतो, परत उताणा होतो. अर्ध्या तासाने कूस बदला, एका बाजूच्या हातावर रात्रभर भार पडला तर तो हात सकाळी लुळा पडलेला असू शकतो.

जिन्यावरून पडलाय किंवा गाडीवरून घसरलाय असं असेल तर त्याला वळवताना डोकं, मान आणि खांदे एका रेषेत ठेवून दोघा-तिघांनी एकत्र वळवा. मानेची भीती असली तरी, उलटी होत असेल तर वळवायलाच हवं.

पायरी चौथी: फोन आणि प्रवास

१०८ ला ‘एक जण जास्त प्यायलाय’ असं सांगू नका. ‘माणूस बेशुद्ध आहे, श्वास मंद आहे, दारू प्यायलेली आहे’ या क्रमाने सांगा. वय, श्वास किती, उलटी किंवा फिट झाली का हे सांगा, मग पत्ता. फार्महाउस, रिसॉर्ट किंवा गावाबाहेरची शेतघरं शोधताना अँब्युलन्सचा वेळ जातो. म्हणून एकाने टॉर्च घेऊन हमरस्त्यावर उभं राहायचं आणि फोन चालू ठेवायचा. १०८ लागत नसेल तर ११२ लावा.

अँब्युलन्सला उशीर होणार असेल आणि हॉस्पिटल जवळ असेल तर न प्यायलेल्या माणसाने चालवलेल्या चारचाकीतून न्या. मागच्या सीटवर कुशीवर, डोक्याशी एक जण, हातात टॉवेल, नजर श्वासावर.

बाइकवर दोघांच्या मध्ये बसवून नेऊ नका. हे दृश्य मी इतक्यांदा बघितलंय की ते स्वतंत्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. मागचा त्याला कवटाळून बसलेला असतो, पुढचा जिवाच्या आकांताने गाडी मारत असतो, आणि मधल्याची मान पुढच्याच्या पाठीवर लुढकलेली, हनुवटी छातीला टेकलेली. वीस मिनिटांच्या रस्त्यात त्या स्थितीत त्याचा श्वास कोंडतो. मागच्याला वाटतं, शांत झालाय.

काय करू नका

मीठ घातलेलं पाणी पाजून ओकवणं हा आपल्याकडचा सगळ्यात घातक उपाय. ठसका मेलेल्या माणसाला ओकवणं म्हणजे ती उलटी फुफ्फुसात पाठवणं, आणि जास्त मीठ पोटात गेलं तर रक्तातलं सोडियम वाढून मेंदूला इजा होते ती वेगळीच. घशात बोटं घालणं, ताक, लिंबूपाणी, दही हे सगळं त्याच कारणाने बाद. शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात काहीही घालायचं नाही, पाणीसुद्धा नाही.

थंड पाण्याच्या बादल्या ओतल्या तर आधीच गार पडत चाललेलं शरीर आणखी गार होतं, आणि बाथरूमच्या ओल्या फरशीवर डोकं आपटण्याचा धोका असतोच. कॉफी आणि एनर्जी ड्रिंकने गुंगी थोडी झाकली जाते, दारू मात्र होती तेवढीच राहते. दोघांनी काखेत धरून फिरवल्यानेही उतरत नाही. थोबाडीत मारू नका. ‘त्याला शांत करायला’ झोपेची गोळी देऊ नका. डोकं दुखतंय म्हणून मूठभर पॅरासिटामॉल देऊ नका, नेहमी पिणाऱ्याच्या यकृताला ती जड जाते.

आणि त्याला एकटं कुलूपबंद खोलीत ठेवू नका. घरातल्या वडीलधाऱ्यांना कळू नये म्हणून हे फार वेळा केलं जातं. कळू दे. ओरडा खायचा तो उद्या खाता येईल.

तोंडाला दारूचा वास येतोय म्हणून सगळं दारूचंच असतं असं नाही

अनुभवी माणसंही इथेच चुकतात.

डोक्याला मार: प्यायलेला माणूस पडतो, आणि मेंदूत रक्तस्राव झाला की दिसणारी गुंगी दारूच्या गुंगीसारखीच दिसते. कपाळाला टेंगूळ, कानाच्या मागे निळा डाग, नाका-कानातून रक्त किंवा पाणी, दोन डोळ्यांच्या बाहुल्या लहान-मोठ्या, एकाच बाजूचा हात-पाय हलतोय, असं काही दिसलं तर उतरायची वाट बघू नका. आधी बोलत होता आणि मग तासाभराने गप्प होत गेला, तरीही तेच.

साखर: घरात कोणाचं ग्लुकोमीटर असेल तर लगेच बोटाला टोचून बघा. ७० च्या खाली असेल आणि माणूस नीट गिळू शकत असेल तर साखरेचं पाणी द्या. गिळता येत नसेल तर थेट हॉस्पिटल.

सोबत घेतलेल्या गोळ्या: झोपेच्या किंवा चिंतेच्या गोळ्या (अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम), ट्रामाडॉल ही दुखण्यावरची गोळी, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, सर्दीच्या झोप आणणाऱ्या गोळ्या. यांच्या सोबतीने दारूचा निम्मा आकडाही श्वास थांबवू शकतो. त्याच्या खिशात, बॅगेत, उशाशी रिकामी पाकिटं शोधा आणि सापडतील ती घेऊन जा. घरात भांडण झालं होतं, कोणाला ‘आता बघाच’ असा मेसेज गेला होता, तर तेही डॉक्टरांना सांगा. लाजायचं कारण नाही.

चोरून दिलेलं औषध: नवऱ्याची दारू सुटावी म्हणून त्याला न सांगता भाजीत, चहात पावडर मिसळणाऱ्या बायका, आया मी बघितल्या आहेत. त्यांची अगतिकता मला कळते. पण त्यात डायसल्फिरम असेल आणि वर तो प्यायला, तर चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्यांवर उलट्या होतात आणि रक्तदाब कोसळून जीवही जाऊ शकतो. हे औषध रुग्णाच्या संमतीने, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचं असतं. आधी दिलं असेल तर हॉस्पिटलमध्ये हळूच का होईना, डॉक्टरांच्या कानावर घालाच.

विषारी दारू: जून २०१५ मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणीत हातभट्टीच्या दारूतून मिथेनॉल हे विषारी अल्कोहोल पोटात गेलं आणि शंभराहून जास्त माणसं दगावली. मिथेनॉलचा कावा असा की सुरुवातीला ती साध्या दारूसारखीच चढते, उतरतेही, आणि १२ ते २४ तासांनी खरं रूप दाखवते. धूसर दिसणं, डोळ्यांपुढे पांढरं धुकं, पोटात असह्य दुखणं, धापा टाकणं. हँगओव्हरमध्ये डोकं ठणकतं, दृष्टी जात नाही. एका अड्ड्यावरच्या दोघा-तिघांना असं होत असेल तर बाकी सगळ्यांना घरून उठवून हॉस्पिटलमध्ये न्या, त्रास सुरू झाला नसला तरी. यावर उतारा आहे, डायलिसिस आहे, पण तासांचा खेळ आहे. घरी आणखी दारू पाजून ‘उतारा’ करायला जाऊ नका.

हॉस्पिटलमध्ये काय होतं, आणि पोलिसांची भीती

रक्तातली दारू झटक्यात उतरवणारं इंजेक्शन नाही. तिथे श्वासाची वाट मोकळी ठेवतात, ऑक्सिजन देतात, साखर बघतात, सलाइन लावतात. नेहमी पिणाऱ्याला थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व देतात. गरज पडली तर व्हेंटिलेटर, मार लागल्याची शंका असेल तर डोक्याचा सीटी स्कॅन. शरीर स्वतः दारू जिरवेपर्यंत त्याला जिवंत ठेवणं, हाच उपचार. ‘घरी जे केलं असतं तेच करताहेत’ असं बाहेर बसलेल्यांना वाटतं. घरी व्हेंटिलेटर नसतो.

अपघात किंवा विषबाधेची शंका असेल तर हॉस्पिटल एमएलसी (मेडिको-लीगल केस) नोंदवतं, पोलिसांना कळवतं. ती नोंद म्हणजे तुमच्यावर गुन्हा नव्हे. महाराष्ट्रात कडक दारूसाठी वयाची अट २५ वर्षांची आहे, त्यामुळे विशी-बाविशीतली मुलं घाबरून ‘ज्यूसमधून काहीतरी झालं’ असं सांगतात आणि डॉक्टरांचा मोलाचा अर्धा तास वाया घालवतात. काय प्यायलं, किती, किती वाजता, सोबत काय घेतलं, हे खरं सांगा. आणि आधी पोलीस, मग उपचार असं कोणी म्हणालं तर शांतपणे आठवण करून द्या. १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय की जीव वाचवणं हे डॉक्टरचं पहिलं कर्तव्य आहे, कायदेशीर सोपस्कार नंतर.

तो हाकेला ओ देतोय, घरीच ठेवायचं आहे, तर

मग रात्रीच्या पाळ्या लावा. न प्यायलेल्या किंवा सगळ्यात कमी प्यायलेल्या माणसाने पहिली पाळी घ्यावी. तो कुशीवर, खोलीत उजेड, अंगावर चादर, तोंडाशी बादली. पहिले दोन तास दर १०-१५ मिनिटांनी उठवायचं, नाव विचारायचं, श्वास मोजायचा आणि वेळ घालून मोबाइलमध्ये लिहून ठेवायचं. ‘१.१०, १६ श्वास, नाव सांगितलं. १.२५, १४, चिडला.’ पाळी बदलताना पुढच्याला हे दाखवायचं. आकडा घसरत चालला किंवा ओ देणं मंदावलं तर निर्णय घ्यायला ही नोंद पुरेशी असते, आणि डॉक्टरांनाही तिचा फार उपयोग होतो. दोन तासांनंतर दर अर्ध्या तासाने, तो स्वतः उठून पाणी मागेपर्यंत. बाथरूमला जाताना एकाने सोबत जायचं, कडी लावू द्यायची नाही. स्विमिंग पूल, विहीर किंवा समुद्र जवळ असेल तर एकाने दाराशी झोपायचं.

दुसऱ्या दिवशी

उठल्यावर आधी पाणी, मग लिंबू-मीठ-साखर घातलेलं सरबत, पेज, मऊ भात. गाडीची किल्ली संध्याकाळपर्यंत तुमच्याकडे ठेवा. ताप, खोकला आणि धाप लागली तर रात्री उलटी फुफ्फुसात गेली असण्याची शक्यता आहे. लघवी चहासारखी गडद झाली आणि अंग ठणकत असेल तर एकाच अंगावर तासन्‌तास पडून स्नायूंना इजा झालेली असू शकते, आणि तिचा भार किडनीवर येतो. छातीत अनियमित धडधड, रक्ताची उलटी, न थांबणारी पोटदुखी, यासाठीही त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.

रोज पिणाऱ्याने अशा रात्रीनंतर घाबरून ‘आजपासून बंद’ म्हणत एकदम सोडली, तर घरच्यांना आनंद होतो. पण त्याचे पुढचे तीन-चार दिवस धोक्याचे असतात. आधी हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसादरम्यान काहींना भास व्हायला लागतात, अंगावर किडे फिरताहेत असं वाटतं, ताप चढतो, आणि उपचार नाही मिळाले तर जीव जातो. सोडायची असेल तर डॉक्टरांच्या मदतीने सोडावी. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात दाखवता येतं, पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आहे आणि मन खचलं असेल तर टेलिमानस १४४१६ वर मराठीतही बोलता येतं. पहिला फोन त्याने स्वतःच करायला हवा असं नाही. बायको, भाऊ, रात्रभर श्वास मोजत बसलेला मित्र, कोणीही करू शकतं. फोन करताना त्याचं वय, किती वर्षांपासून आणि रोज किती पितो, शेवटची कधी घेतली आणि पूर्वी कधी फिट आली होती का, एवढं हाताशी ठेवा.